माळ्यावर खोली करायची आहे, पण कौलांखाली घालावे तरी काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक भगिनी लिहितात, की त्यांचे सासरचे घर जांभ्या चिऱ्याचे, दुपाखी, मंगलोरी कौलांचे असून सुमारे सत्तर वर्षांपूर्वी बांधलेले आहे. यजमान निवृत्त झाल्यावर दोघेही मुंबई सोडून गावी राहायला आले. सुट्टीत माणसे जमली की खालची जागा अपुरी पडते, म्हणून आजवर नारळ, सुपारी आणि अडगळ यांसाठी वापरलेल्या माळ्यावर दोन खोल्या काढाव्यात असे त्यांच्या मनात आहे. एक खोली पाहुण्यांसाठी, तर दुसरी घरून काम करणाऱ्या मुलीसाठी, आणि तिला एसी हवा आहे. पण मे महिन्यात दुपारी माळ्यावर पाच मिनिटेही उभे राहवत नाही. कंत्राटदार म्हणतो, कौले उतरवा आणि पफ पॅनेलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फलकांचे, छप्पर टाका. पुतण्या म्हणतो, कौलांखाली थर्माकोल ठोकून पीव्हीसीचे सिलिंग करा. इंग्लंडमध्ये राहणारा मुलगा म्हणतो, २७० मिलिमीटर जाडीची ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) घाला, तिकडे सगळे तेच करतात. आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे म्हणतात, काय हवे ते करा, पण माझ्या कौलांना हात लावू नका. ‘यातले सर्वांत चांगले उष्णतारोधक कोणते तेवढे सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल,’ अशी त्यांची विनंती आहे.

ताई,

तुमच्या पत्रातले चारही सल्ले मी दोन-तीनदा वाचले. चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर निराळे घर आहे. कंत्राटदारासमोर नवे गोदाम आहे, पुतण्यासमोर शहरातला फ्लॅट आहे, मुलासमोर थंडीने गारठलेले इंग्लंडमधले घर आहे, आणि सासऱ्यांसमोर मात्र तुमचेच घर आहे. म्हणून ‘सर्वांत चांगले कोणते’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून मी आधी दुसरेच विचारतो. तुमच्या माळ्यावर उष्णता येते कशी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत छपरात शिरलेले पाणी जाते कुठे? ही दोन उत्तरे हाती आली की साहित्याची निवड निम्म्याहून अधिक आपोआप होते.

त्याहीआधी एक गोष्ट. माळा म्हणजे वाया गेलेली जागा, असे तुमच्या पत्रात गृहीत धरलेले दिसते. ती तशी कधीच नव्हती. तापलेली कौले आणि खालचे माजघर यांच्यामधली ती हवेची पोकळी हेच तुमच्या घराचे आजवरचे उष्णतारोधक होते. वळचणीतून वारा आत यायचा, कौलांच्या फटींतून आणि आढ्याजवळून तापलेली हवा बाहेर पडायची, आणि माळ्याच्या फळ्यांखाली माणसे मे महिन्यातही दुपारची झोप घेऊ शकायची. आता माणसेच त्या पोकळीत राहायला जाणार आहेत. जे छत्र आठ-दहा फूट उंचीच्या हवेने धरले होते, ते तीन-चार इंचांत पुन्हा उभे करायचे आहे. हे ध्यानात घेतल्यावर दोन्ही खोल्या एकदम काढाव्यात का, याचाही विचार व्हावा असे मला वाटते. पाहुणे वर्षातून तीन-चार आठवडे येत असतील, तर त्यांच्यासाठी पडवीची एक बाजू बंद करून घेणे पुष्कळ स्वस्त पडेल. मुलीची खोली रोजच्या वापराची आहे, तिच्यासाठी केलेला खर्च सार्थकी लागेल. तेव्हा आधी एकच खोली करा, उरलेला माळा होता तसा वाऱ्याला मोकळा ठेवा, आणि त्या खोलीवर एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्या.

आता उष्णतेकडे येऊ. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरपे आणि थोडाच वेळ पडते; छपरावर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते. कौल तापून ६० अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि चुलीवरच्या तव्यासारखी धग खाली टाकत राहते. तुम्ही माळ्यावर उभ्या राहता तेव्हा डोक्याला आणि खांद्यांना जे भाजते, ते मुख्यतः हवेमुळे नव्हे, या धगीमुळे. एक पुठ्ठा घेऊन डोक्यावर हातभर उंच धरून पाहा. हवा तीच असते, तरी लगेच बरे वाटते. गरम हवा हलकी असल्यामुळे ती आढ्याजवळच थांबते, आपणहून खाली येत नाही. छपरातून खाली येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा अशा किरणांच्या रूपानेच येतो.

म्हणूनच कौलारू घरात पहिला मान जाडीला नसून चकाकीला आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा स्वच्छ पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या उष्णताकिरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, आणि स्वतः तापला तरी फार थोडी धग बाहेर टाकतो. अट एवढीच, की त्या चकाकीसमोर २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच, मोकळी हवा हवी. फॉइल फळीला किंवा कौलाला चिकटले, तर उष्णता सरळ स्पर्शाने पार होते आणि फॉइल शोभेपुरते उरते. बुडबुड्यांची चकचकीत शीट वाशांखाली ताणायची आणि तिच्यावरच सिलिंग ठोकायचे, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्या कामात शीटचे बहुतेक पैसे वाया जातात, आणि चांगली वस्तू विकत घेऊनही घरच्यांना ‘यात काही अर्थ नाही’ असे वाटू लागते, याचे मला फार वाईट वाटते.

फॉइलची चकाकी कोणत्या बाजूला करावी, हेही पुष्कळ जण विचारतात. वर तोंड केलेल्या चकाकीवर कौलांची भुकटी, धूळ आणि कोळिष्टके साचतात आणि काही वर्षांत ती मंद होते. खाली तोंड केलेल्या चकाकीवर धूळ बसत नाही. तिच्याखाली पोकळी असेल तर तापलेले फॉइल त्या पोकळीत धगच टाकत नाही, त्यामुळे तिचा उपयोग वरच्या चकाकीइतकाच होतो. ऐकायला हे उलटे वाटते, पण एकाच बाजूला चकाकी असलेली शीट मिळाली तर ती बाजू खाली करा आणि तिच्याखाली इंचभर जागा सोडा. दोन्ही बाजूंनी चकचकीत शीट मिळाली तर उत्तमच.

फॉइलनंतर जाडीचा क्रम येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यानुसार छपरातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. यालाच यू-मूल्य म्हणतात. ते जितके कमी तितके चांगले. नुसत्या कौलाचे हे मूल्य साधारण ४ च्या पुढे जाते. कौलाखाली रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) किंवा ग्लासवूल घातली आणि तिची उष्णतावाहकता नेहमीप्रमाणे ०.०४ धरली, तर २५ मिलिमीटर जाडीला यू-मूल्य १.२ च्या जरा आत येते, ५० मिलिमीटरला ०.७ च्या आसपास आणि १०० मिलिमीटरला ०.४ च्या जरा खाली. म्हणजे पहिल्या इंचाने जेवढे काम केले, तेवढे पुढच्या तीन इंचांना मिळूनही करता येत नाही. अंगाला जाणवणाऱ्या भाषेत सांगायचे, तर कौल ६० अंशांवर आणि खोलीतली हवा ३३ अंशांवर असताना २५ मिलिमीटरच्या थराखालचे सिलिंग हवेपेक्षा साधारण ५ अंशांनी गरम राहील, ५० मिलिमीटरखालचे ३ अंशांनी आणि १०० मिलिमीटरखालचे जेमतेम २ अंशांनी. फॉइल आणि तिची पोकळी जोडीला असेल, तर हा फरक आणखी कमी होतो. म्हणून तुमच्या खोलीसाठी फॉइल आणि ५० मिलिमीटरचा थर पुरेसा आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

तुमच्या मुलाने सांगितलेला २७० मिलिमीटरचा आकडा खोटा नाही. इंग्लंडमध्ये तो खरोखरच सुचवला जातो, पण तो माणसे राहत नसलेल्या माळ्याच्या तळावर अंथरायच्या लोकरीसाठी आहे. खालच्या घरातली ऊब वर निघून जाऊ नये, हा तिथला हेतू असतो. तुम्हाला खालची ऊब धरून ठेवायची नसून वरची धग थोपवायची आहे, आणि थरही जमिनीवर नव्हे, वाशांच्या मध्ये बसणार आहे. शिवाय तिथे आतबाहेरच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक महिनोन्‌महिने टिकतो. इथे सूर्य कलला की कौल तासाभरात निवते. एसी बंद असताना फार जाड थर उलट रात्री खोलीतली उष्णता आतच धरून ठेवतो. त्यामुळे मुलीच्या खोलीला आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत एक आणि तिच्या समोरच्या बाजूला दुसरी, अशा दोन खिडक्या ठेवण्यावर खर्च केलेला पैसा लोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या इंचापेक्षा जास्त सुख देईल.

इथपर्यंत उन्हाचे झाले. पण कोकणातल्या छपराचा खरा निकाल पावसाळ्यात लागतो, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे. रत्नागिरीत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मंगलोरी कौलाच्या खाचा एकमेकांत अडकतात म्हणून ते एवढा पाऊस सोसते, पण कौलारू छप्पर कधीही पूर्ण जलाभेद्य नसते. वाऱ्याने तिरपे आलेले शिंतोडे आत येतात, वानर उड्या मारतात, नारळाची झावळी पडते, एखादे कौल तडकते. पूर्वी गळू लागले की थेंब जमिनीवर पडायचा, कोणीतरी पातेले ठेवायचे आणि पाऊस उघडला की काठीने कौल सारखे करायचे. गळती लपत नव्हती, म्हणून ती वाढतही नव्हती.

काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखाली झालेल्या एका माळ्याच्या कामात आम्ही ग्लासवूल कौलांना भिडवून बसवली होती आणि खालून प्लॅस्टिकचा कागद लावून फळ्या मारल्या होत्या. पहिला उन्हाळा छान गेला. ऑगस्टमध्ये घरच्यांनी बोलावले, कारण खोलीत कुबट वास येत होता, पण गळत तर कुठेच नव्हते. मी एक फळी उतरवली आणि लोकरीत हात घातला. ती थंड आणि जड लागली, ओल्या गोधडीसारखी. दाबल्यावर तांबूस पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. वाशाला अंगठ्याने दाबले तर तिथे खळगा पडला. वर फक्त दोन कौले तडकली होती. तेवढ्या पाण्याने वासा कुजायला नको होता. पण पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, वाळायला हवा नव्हती आणि दिसायला फट नव्हती. तो वासा फणसाचा होता, दोन पिढ्या टिकलेला. तेव्हापासून कोणत्याही उष्णतारोधकाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, की भिजल्यावर याचे काय होईल आणि हे वाळेल कसे.

एसीमुळे या ओलाव्याला दुसरी बाजू येते. थंड देशांत घरातली दमट हवा बाहेरच्या गारठ्याकडे जाते, म्हणून तिकडच्या कामात बाष्प अडवणारा कागद खोलीच्या बाजूला लावतात. आपल्याकडे जुलैमध्ये बाहेरची हवा २८ अंशांवर आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. २५-२६ अंशांहून थंड जागा मिळाली की तिचे पाणी होते. मुलीने एसी २२ वर लावला आणि सिलिंगच्या मागे प्लॅस्टिक असेल, तर त्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला थंड पाण्याच्या तांब्यावर यावेत तसे थेंब येणार, आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. पीव्हीसीचे सिलिंग हे असेच प्लॅस्टिक आहे. पुतण्याची सूचना स्वस्त, हलकी आणि धुता येणारी आहे हे मान्य करूनही, एसीच्या खोलीत कौलांखाली पीव्हीसी लावू नये, हे मी ठामपणे सांगतो. तेलरंग आणि प्लॅस्टिकचा थर दिलेले जिप्समचे पत्रेही याच कारणाने नकोत. बाष्प अडवणारा थर बाहेरच्या, म्हणजे कौलांच्या बाजूला हवा, आणि ते काम सांधे चिकटपट्टीने नीट बंद केलेले फॉइल आपोआप करते. आतले अस्तर लाकडी फळ्यांचे किंवा चुना लावलेल्या सिमेंट बोर्डाचे ठेवा, म्हणजे आत काही ओल राहिली तरी ती खोलीकडे वाळू शकेल. पावसाळ्यात एसी २६-२७ वर आणि हवा कोरडी करणाऱ्या सेटिंगवर ठेवला तर खोलीही सुखाची राहते आणि छप्परही.

आता साहित्याकडे वळू या. थर्माकोल उष्णता चांगली अडवतो, ग्लासवूलइतकीच; पण ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, पेटला तर काळा विषारी धूर सोडतो, आणि मुंग्या व उंदीर त्यात सहज घरे करतात. आग लवकर न धरणारा प्रकारही मिळतो, तरी लाकडी छपराखाली, वायरींच्या शेजारी, माणसे झोपतात अशा ठिकाणी मी तो सुचवणार नाही. ग्लासवूल आणि रॉकवूल दोन्ही जळत नाहीत. तुमच्या कामाला मी रॉकवूलचे ताठ स्लॅब घ्या म्हणेन, घनमीटरला ४८ किलो घनतेच्या आसपासचे, कारण हलकी गुंडाळी उतारावर दोन-तीन वर्षांत खाली घसरते आणि वरचा भाग उघडा पडतो. रॉकवूलचा आणखी एक गुण म्हणजे ती पावसाचा आवाज पुष्कळ शोषते. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या मुलीला त्याचे मोल कळेल. बसवताना गड्यांना मुखपट्टी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, तिचे तंतू कातडीला फार खाजवतात. आपल्याकडच्या काथ्याचे फलकही उष्णता अडवण्यात फार मागे नाहीत. पण काथ्या पेटतो आणि सतत दमट राहिला तर बुरशी धरतो, म्हणून तो मी कोरड्या, खालच्या खोल्यांसाठी राखून ठेवेन.

पफ पॅनेलबद्दल कंत्राटदारावर अन्याय करायचा नाही. ५० मिलिमीटरच्या पॅनेलचे यू-मूल्य ०.४ च्या आसपास येते, तेवढ्याच जाडीची लोकर तिथवर पोहोचत नाही. तुमचे वासे वाळवीने पोखरलेले निघाले आणि सगळेच छप्पर नव्याने करावे लागले, तर पॅनेलचा विचार अवश्य करा. पण वासे चांगले असतील, तर सत्तर वर्षे टिकलेले छप्पर उतरवून खाऱ्या हवेत गंजणारा पत्रा घरावर चढवणे मला पटत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कौले उडाली तसे पत्रेही उडाले. पत्रा हलका असल्यामुळे तो वाऱ्यात टिकणे सर्वस्वी त्याच्या स्क्रूंवर आणि बांधणीवर अवलंबून असते. आणि फुटलेले एक कौल दहा मिनिटांत बदलता येते. पॅनेलचे तसे होत नाही.

सासऱ्यांच्या शब्दांकडे मी हट्ट म्हणून पाहणार नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात काढलेल्या कारखान्यातून ज्या पद्धतीची कौले निघाली, ती पश्चिम किनाऱ्यावर अशी रुजली, कारण ती इथल्या पावसाला जुळली. सासऱ्यांनी त्या छपराखाली ऐंशीच्या वर पावसाळे नसले तरी सत्तर नक्कीच पाहिले आहेत, आणि ते कुठे गळते हे तुमच्या घरात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांना आरामखुर्ची देऊन माळ्याच्या जिन्याजवळ बसवा आणि प्रत्येक गळतीची जागा विचारून खडूने वाशांवर खुणा करून घ्या. त्यांना एवढेच समजावून सांगा, की कौले काढून टाकायची नाहीत. पावसाआधी परततात तशी एकदा उतरवून, धुऊन, तडकलेली बाजूला काढून तीच पुन्हा चढवायची आहेत. असे सांगितल्यावर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

कारण खरे चांगले काम वरूनच होते. कौले आणि रिपा उतरवल्यावर वाशांवर दोन्ही बाजूंनी चकचकीत, फाटायला चिवट अशी शीट अंथरायची, खालून वर एकावर एक वीतभर चढवत. तिच्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या मारायच्या, त्यांवर आडव्या रिपा आणि मग कौले. उभ्या पट्ट्यांमुळे कौलांखाली वळचणीपासून आढ्यापर्यंत वाऱ्याची वाट तयार होते. दिवसा ती गरम हवा आढ्याकडे नेते, आणि कौलांतून आत आलेले पाणी शीटवरून सरळ पागोळ्यांत जाऊन पडते. वाशांच्या मध्ये खालच्या बाजूने रॉकवूल बसवायची, पण शीटला न टेकवता मध्ये एक इंच सोडायचा. मग खाली अस्तर. या सगळ्यासाठी आढ्यावरचे कोने, म्हणजे तिथली कोनाकृती कौले, सिमेंटने गच्च बंद करू नका. मधूनमधून हवा जाईल अशी जागा सोडून तिथे आतून बारीक जाळी लावा. वळचणीलाही संपूर्ण लांबीभर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी हवी, जिची भोके पाव इंचाहून मोठी नसतील. ही जाळी लावायची राहून गेली, तर उंदीर आणि उदमांजर ती मऊ लोकर पहिल्याच हिवाळ्यात आपली म्हणतील, आणि नंतर कितीही उपाय केले तरी तो वास जात नाही.

कौले उतरवणे खरोखरच शक्य नसेल, तर तेच काम खालून करता येते, मात्र त्याला मर्यादा आहेत. वाशांच्या बाजूंना पट्ट्या मारून रिपांखाली इंचभर जागा सोडून शीट बसवावी लागते, प्रत्येक वाशापाशी सांधा येतो, आणि गळणारे पाणी वळचणीबाहेर काढणे अवघड जाते. ज्यांचा हात आखडता आहे, त्यांनी लोकर सोडून द्यावी, पण फॉइल, तिची पोकळी आणि वाऱ्याची वाट सोडू नये. देशावर, कोरड्या हवेत पत्र्याखाली खोली करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. तिथे ओलाव्याची धास्ती कमी असल्यामुळे लोकर थोडी जाड घ्यायला हरकत नाही, कारण दिवसाचा आणि रात्रीचा फरक तिथे मोठा असतो.

अस्तराच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवा, आणि सासऱ्यांनी खुणा केलेल्या जागांवरच्या फळ्या सहज उघडतील अशा ठेवा. दर वर्षी गणपती झाल्यावर त्यातल्या दोन-तीन उघडून आत हात घालून पाहायचा. वाळवीचे औषध अस्तर लावण्याआधीच सगळ्या लाकडाला द्या, नंतर ते पोहोचत नाही. विजेच्या वायरी लोकरीत पुरू नका. त्या आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाहीत आणि तापतात. त्या पाइपातून, अस्तराच्या खोलीकडच्या अंगाने न्या, आणि सिलिंगमध्ये खोल बसणारे दिवे टाळून भिंतीवरचे दिवे घ्या. फळीला पाडलेल्या प्रत्येक गोल भोकातून बाहेरची दमट हवा थंड खोलीत शिरते.

थोडे बांधकामाचे. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर धरली आहे, आणि उतरत्या छपराखाली ती सरासरीने मोजतात. तुमच्या आढ्याखाली ती मिळेल, वळचणीकडे मिळणार नाही. तिथे कपाटे करा. माळ्याच्या तुळयांनी आजवर नारळ पेलले आहेत. माणसे, पलंग आणि कपाटे त्या पेलतील का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि ग्रामपंचायतीत आधी विचारा. या दोन गोष्टी लोकर विकत घेण्याआधीच्या आहेत.

शेवटी, माझ्या शब्दावर विसंबून राहू नका. हा मे महिना हाताशी आहे, तो मोजण्यासाठी वापरा. माळ्याच्या एका कोपऱ्यात चार वाशांपुरती जागा निवडा, तिथे खालून इंचभर पोकळी सोडून फॉइल लावा, तिच्याखाली आणखी इंचभर सोडून रॉकवूलचे दोन-तीन स्लॅब आणि प्लायचा एक तुकडा बसवा. शेजारच्या चार वाशांखाली नुसते फॉइल ठेवा, त्याच्या शेजारी काहीच नाही. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान दुरून तापमान मोजणाऱ्या साध्या तापमापकाने तिन्ही ठिकाणचे आकडे आठवडाभर वहीत लिहा, आणि प्रत्येक जागेखाली थोडा वेळ स्वतः बसून पाहा. यजमानांना, पुतण्याला आणि जमल्यास सासऱ्यांनाही बसवा. आकडे मुलाला इंग्लंडला पाठवा. पावसाआधी तो तुकडा उतरवून ठेवा. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर, लाकूड कोरडे झाल्यावर सुरू करा आणि मार्चअखेर संपवा. मात्र कौले परतणाऱ्या गड्यांना आत्ताच सांगून ठेवा, कारण उन्हाळा चढला की जो तो त्यांच्याच मागे असतो, आणि तुमच्या कामाला त्यांचे चार-पाच दिवस सलग लागतील.